घरच्या कुत्र्याचें शिक्षण

“कुत्र्याचें शेंपूट नळींत घातलें तरी वाकडें तें वाकडेंच,” ही म्हण आपण सर्वांनीं ऐकली आहे. शेंपटापुरती ती खरी आहे याविषयीं वाद नाहीं. परंतु आपण ती शेंपटापाशीं न थांबवितां कुत्र्याच्या स्वभावापर्यंत नेऊन पोंचवितों, आणि मग “जनावर तें जनावर, दोन रट्टे बसल्यावांचून वठणीवर यायचें नाहीं,” असें सहज बोलून जातों. ही समजूत चुकीची आहे हें दाखवावें, आणि आपल्या घरचा कुत्रा मायेनें व शाबासकीनें कसा शिकवावा याची रीत विद्यार्थ्यांस व त्यांच्या आईवडिलांस सांगावी, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

कोणी म्हणेल, शाळेच्या वार्षिकांत कुत्र्याचा विषय कशाला? त्यास उत्तर असें. सुटीच्या दिवसांत मुलें हट्ट धरतात व घरांत एक पिलूं येतें. पहिला महिना कौतुकाचा जातो. पुढें तें पिलूं चपला कुरतडूं लागतें, बैठकीच्या खोलींत घाण करतें, पाहुण्यांच्या अंगावर उड्या घेतें. मग मार सुरू होतो. माराने भागलें नाहीं म्हणजे रात्रंदिवस साखळी. साखळीनें चिडलेला कुत्रा एके दिवशीं कोणास तरी चावतो, आणि शेवटीं त्यास गांवाबाहेर नेऊन सोडून देतात. ज्या प्राण्यानें आपल्यावर विश्वास टाकला तो रस्त्यावर येतो. आणि ज्या मुलानें त्यास हौसेनें आणलें तें मूल एक वाईट धडा शिकतें, तो हा कीं, जो आपल्यास जड झाला त्यास टाकून द्यावें. हा धडा मुलांनीं शिकूं नये म्हणून हा विषय महत्त्वाचा आहे.

मनुष्याचा व कुत्र्याचा स्नेह फार जुना आहे. जर्मनींतील बॉन शहराजवळ ओबरकासेल येथें १९१४ सालीं एक पुरातन कबर सांपडली. ती सुमारें १४,००० वर्षांपूर्वींची आहे. तींत एक पुरुष, एक स्त्री, आणि त्यांच्याबरोबर कुत्र्याचें एक पिलूं पुरलेलें होतें. पुढें संशोधकांनीं त्या पिलाचे दांत तपासले. त्यांवरील खुणांवरून, तें पिलूं कित्येक आठवडे भारी आजारी असावें व माणसांनीं शुश्रूषा केल्यावांचून तें तितके दिवस जगलें नसतें, असें अनुमान त्यांनीं २०१८ सालीं प्रसिद्ध केलें. ज्या काळीं मनुष्यास शेती ठाऊक नव्हती, त्या काळींही त्यानें एका आजारी पिलाची, त्याच्यापासून कामाची कांहीं आशा नसतां, काळजी वाहिली असावी. तेव्हां कुत्र्याशीं आपलें नातें काठीपासून सुरू झालें, असें समजण्याचें कारण नाहीं.

आतां कुत्रा शिकतो कसा, हें पाहूं. रशियांतील शास्त्रज्ञ इव्हान पाव्हलॉव्ह यांस पचनक्रियेच्या संशोधनाबद्दल १९०४ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. कुत्र्यांवर प्रयोग करीत असतां त्यांच्या ध्यानांत आलें कीं, अन्न तोंडांत पडण्यापूर्वींच, अन्न आणणाऱ्या माणसाची चाहूल लागतांच, कुत्र्यास लाळ सुटते. म्हणजे एका गोष्टीमागून दुसरी गोष्ट नेहमीं आली, तर कुत्रा त्या दोहोंची मनांत सांगड घालतो. अमेरिकेंतील एडवर्ड थॉर्नडाइक यांनीं १८९८ सालीं मांजरें व कुत्रीं पेट्यांत ठेवून, तीं बाहेर कशीं पडतात हें पाहिलें. ज्या कृतीचें फळ सुखाचें ती कृति प्राणी पुन्हा करतो, आणि जिचें फळ कांहींच नाहीं ती हळूहळू सोडून देतो, हा नियम त्यांनीं मांडला. त्यांच्यामागून बी. एफ. स्किनर यांनीं हाच विषय पुढें नेला. घरच्या घरीं प्राण्यास कसें शिकवावें यावर त्यांनीं १९५१ सालीं एक लेख लिहिला. बक्षीस अगदीं त्याच क्षणीं मिळालें पाहिजे, यावर त्यांचा सर्व भर होता.

या नियमांचा अर्थ घरगुती भाषेंत असा. कुत्र्यास आपली भाषा येत नाहीं. ‘बस’ हा शब्द त्याला प्रथम केवळ एक आवाज असतो. परंतु तो बसला, आणि त्याच क्षणीं ‘शाबास’ हा गोड शब्द व भाकरीचा लहानसा तुकडा त्यास मिळाला, तर बसणें ही लाभाची गोष्ट आहे हें त्याच्या ध्यानांत येतें. हेंच दहा वेळां झालें म्हणजे तो आपण होऊन बसूं लागतो. शाबासकीस उशीर मात्र होतां कामा नये. कुत्रा बसला, तुम्ही तुकडा शोधण्यासाठीं स्वयंपाकघरांत गेलां, आणि परत येईपर्यंत तो उठून भुंकूं लागला. आतां तुम्हीं त्यास तुकडा दिला, तर तुम्हीं त्यास भुंकण्याचा धडा दिला असें होईल.

मारानें काय बिघडतें? तीन गोष्टी बिघडतात.

पहिली गोष्ट वेळेची. तुम्ही शाळेंतून घरीं येतां, तों चपलेचे तुकडे पडलेले. तुम्ही कुत्र्यास ओढून आणतां व मारतां. परंतु चप्पल त्यानें तासाभरापूर्वीं कुरतडली; त्याला मार बसला तो तुम्ही घरीं आलां तेव्हां. तो सांगड घालतो ती तुमच्या येण्याची व माराची. लोक म्हणतात, “नाहीं, त्याला समजतें, पाहा कसा शेंपूट पायांत घालून, मान खालीं घालून बसला आहे.” अमेरिकेंतील संशोधिका अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनीं २००९ सालीं याचीच परीक्षा घेतली. कांहीं कुत्र्यांनीं खरोखर वर्ज्य खाऊ खाल्ला होता, कांहींनीं मुळींच खाल्ला नव्हता. परंतु तो अपराधी चेहरा अपराधावर अवलंबून नसून धन्याच्या रागावण्यावर अवलंबून असतो, असें दिसून आलें. म्हणजे आपण ज्यास पश्चात्ताप म्हणतों, ती बहुधा भीति असते.

दुसरी गोष्ट अशी कीं, मार ‘हें नको’ एवढेंच सांगतो. ‘मग काय करूं?’ याचें उत्तर तो देत नाहीं. फळ्यावर चुकीचें उत्तर लिहिणाऱ्या मुलास नुसतें ‘चूक’ म्हणून खालीं बसविलें, तर त्याला बरोबर रीत कशी कळावी? कुत्र्याचेंही तसेंच आहे.

तिसरी गोष्ट सर्वांत घातक. मारानें कुत्रा भितो, आणि भ्यालेला कुत्रा एक तर लपतो नाहीं तर चावतो. गुरगुरणें हा कुत्र्याचा इशारा आहे. ‘मला भीति वाटते, दूर राहा,’ असें तो सांगत असतो. गुरगुरल्याबद्दल त्यास वारंवार मारलें, तर तो गुरगुरणें सोडतो. परंतु त्याची भीति जात नाहीं. मग तो इशारा न देतां चावतो, आणि ‘कांहीं कारण नसतां चावला’ असें आपण म्हणतों. ‘भुंकणारें कुत्रें चावत नाहीं’ या म्हणीवरही विसंबूं नये. भ्यालेलें कुत्रें भुंकतें आणि चावतेंही. पोर्तुगालमध्यें ९२ पाळीव कुत्र्यांची तपासणी करून २०२० सालीं एक अभ्यास प्रसिद्ध झाला. धाकाच्या रीतीनें शिकविणाऱ्या शाळांतील कुत्र्यांत, बक्षिसाच्या रीतीनें शिकणाऱ्या कुत्र्यांपेक्षां, मनाच्या ताणाचीं चिन्हें अधिक आढळलीं. शिक्षणानंतर त्यांच्या लाळेंतही ताणाचें द्रव्य अधिक वाढलेलें दिसलें.

कित्येकांचें म्हणणें असें कीं, कुत्रा हा लांडग्याच्या कुळांतला. लांडग्यांच्या टोळींत एक बळजोर म्होरक्या असतो. तेव्हां धन्यानेंही बळानेंच म्होरकेपण गाजविलें पाहिजे. ही कल्पना पिंजऱ्यांत एकत्र कोंडलेल्या लांडग्यांच्या निरीक्षणावर उभारलेली होती. रुडॉल्फ शेंकेल यांचा त्यावरील लेख १९४७ सालचा आहे. पुढें डेव्हिड मेच या संशोधकानें रानांतील मोकळ्या लांडग्यांचें पुष्कळ वर्षें निरीक्षण केलें व १९९९ सालीं लिहिलें कीं, लांडग्यांची टोळी म्हणजे बहुधा एक कुटुंबच असतें. पुढारी म्हणून जे दिसतात ते त्या पिलांचे आईबाप असतात, आणि पिलें त्यांच्या मागें जातात तीं आईबाप म्हणून. तेव्हां लांडग्याचाच दाखला द्यावयाचा, तर तो दंडुक्याच्या बाजूनें नसून पितृत्वाच्या बाजूनें आहे.

आतां प्रत्यक्ष धडे. समजा, आपल्या कुत्र्याचें नांव मोती आहे.

पहिला धडा नांवाचा. मोती दुसरीकडे पाहात असतां गोड आवाजानें ‘मोती’ अशी हांक मारावी. त्यानें वळून पाहिलें कीं लगेच ‘शाबास’ म्हणून तुकडा द्यावा. रागावतांना त्याचें नांव घेऊं नये. नांव ऐकतांच त्यास आनंद व्हावा, हा या धड्याचा सर्व सार आहे.

दुसरा धडा बसण्याचा. तुकडा चिमटींत धरून त्याच्या नाकाजवळ न्यावा, आणि हळूहळू डोक्यावरून मागें सरकवावा. नाक वर गेलें कीं मागचा भाग आपोआप खालीं टेकतो. टेकतांच ‘शाबास’ व तुकडा. पाठीवर दाबून बसवूं नये. असें कांहीं वेळां साधल्यावर मग ‘बस’ हा शब्द जोडावा.

तिसरा धडा ‘ये’ हा. हा धडा एखादे वेळीं कुत्र्याचा प्राण वांचवितो, कारण मोटारीच्या रस्त्यावर धांवत सुटलेल्या कुत्र्यास हांक हाच एक दोर असतो. प्रथम घरांत, मग अंगणांत, मग लांब दोरी बांधून मैदानांत, असा क्रम ठेवावा. मोती कितीही उशिरां आला तरी आल्यावर त्याचें कौतुकच करावें. उशिरां आला म्हणून मारलें, तर ‘जवळ गेलों कीं मार बसतो’ हेंच तो शिकेल आणि पुढच्या वेळीं येणारच नाहीं.

चौथा धडा स्वच्छतेचा. पिलूं झोंपून उठलें, जेवलें, किंवा खेळून थांबलें, कीं त्यास ताबडतोब बाहेर एका ठराविक जागीं न्यावें; तेथें विधि झाला कीं तेथेंच शाबासकी द्यावी. लहान पिलास रात्रींही एकदोनदां न्यावें लागतें. घरांत चूक झाल्यास त्यांत त्याचें नाक घासण्याची रीत क्रूर व निरुपयोगी आहे. निमूटपणें जागा धुवून काढावी, आणि बाहेर नेण्याच्या वेळा अधिक नेमानें पाळाव्या.

पांचवा धडा दांतांचा. चार ते सहा महिन्यांच्या सुमारास पिलाचे दुधाचे दांत पडून कायमचे येतात. त्यावेळीं त्यास चावावेंसें वाटणें स्वाभाविक आहे. चपला उचलून ठेवणें हें आपलें काम. त्याच्यासाठीं गांठ मारलेला जाड दोरखंड किंवा रबराचें भक्कम खेळणें ठेवावें, व तें चावूं लागला कीं शाबासकी द्यावी. खेळतां खेळतां हातास दांत लावले, तर ओरडूं नये. खेळ थांबवून क्षणभर पाठ फिरवावी. दांत लावले कीं खेळ संपतो, हें त्यास लवकर कळतें. पाहुण्यांवर उडी मारण्याचेंही असेंच. उडी मारली तर कोणीं पाहूं नये, बोलूं नये. चारी पाय जमिनीवर टेकले कीं सर्वांनीं कौतुक करावें.

हे धडे देतांना चार नियम पाळावे. एक, घरांतील सर्वांनीं एकच शब्द वापरावा. दादा ‘बस’ म्हणतो, ताई ‘खालीं’ म्हणते, आणि आजी ‘गप बैस रे’ म्हणते, तर बिचाऱ्या मोतीनें काय समजावें? दोन, एका वेळीं पांच मिनिटांहून अधिक धडा नको. दिवसांतून दोनतीन वेळां पुरे. तीन, तुकडे हरभऱ्याएवढे असावे व ते त्याच्या रोजच्या जेवणांतूनच वजा करावे. चार, धडा पक्का झाल्यावर तुकडे हळूहळू कमी करावे, परंतु शाबासकी कधींच कमी करूं नये.

ही शाबासकी कुत्र्यास खरोखर कळते काय? हंगेरींतील बुडापेस्ट येथील शास्त्रज्ञांनीं २०१६ सालीं याविषयीं एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. तेरा कुत्र्यांस त्यांनीं मेंदूचें चित्र घेणाऱ्या यंत्रांत निश्चल पडून राहावयास शिकविलें. मग त्यांस शाबासकीचे व साधे, असे दोन प्रकारचे शब्द, कधीं कौतुकाच्या स्वरांत तर कधीं निर्विकार स्वरांत, ऐकविले. शब्द शाबासकीचा आणि स्वरही कौतुकाचा, असें दोन्ही जुळलें तेव्हांच मेंदूंतील आनंदाचे भाग उजळून आले. केवळ ओठांची शाबासकी कुत्र्यासही पुरत नाहीं! आणखी ध्यानांत घ्यावें तें हें कीं, ते कुत्रे त्या यंत्रांत बांधलेले नव्हते. वाटेल तेव्हां त्यांस उठून जातां येत होतें. मायेनें शिकविलें होतें म्हणून ते स्वस्थ पडून राहिले.

शिक्षणाबरोबर पालनही आलें. कुत्र्यास माणसासारखा सर्वांगास घाम येत नाहीं. तो मुख्यतः धापा टाकून अंग थंड करतो. म्हणून उन्हाळ्यांत फिरणें सकाळीं किंवा सूर्यास्तानंतर असावें. तापलेल्या डांबरी रस्त्यावर त्याचे पाय पोळतात. चॉकलेट, द्राक्षें, मनुका व कांदा हे पदार्थ त्यास विषारी आहेत. तेव्हां डब्यांतील खाऊ प्रेमानें देतांनाही विचार करावा. तो जेवत असतां किंवा झोंपला असतां त्यास छेडूं नये, आणि लहान भावंडास त्याच्याजवळ एकटें सोडूं नये. दिवसभर साखळीस बांधून ठेवणें हें केवळ निर्दयपणाचें नव्हे. ज्या कुत्र्यास नेहमीं बांधून ठेवतात त्यास फिरावयास न नेणें हा प्राणिक्लेश प्रतिबंधाच्या १९६० च्या कायद्याप्रमाणें अपराधही आहे.

पिसाळ रोगाची लस पिलास तीन महिन्यांच्या सुमारास टोंचून घ्यावी, व पुढें पशुवैद्य सांगतील त्याप्रमाणें ती पुन्हा द्यावी. कोणताही कुत्रा चावला किंवा त्यानें ओरखडलें, तर जखम वाहत्या पाण्यानें व साबणानें पंधरा मिनिटें धुवावी आणि लगेच दवाखान्यांत जावें. हळद, चुना किंवा तिखट जखमेंत भरूं नये. हा रोग एकदां प्रकट झाला म्हणजे मनुष्य बहुतेक वांचत नाहीं. परंतु वेळीं लस घेतली तर तो टळतो. मुलांनो, मार मिळेल या भीतीनें चावल्याची गोष्ट घरीं लपवूं नका. आणि पालकांनीं, अशी गोष्ट सांगावयास मूल भिणार नाहीं, असें आपलें वागणें ठेवावें.

येथें पालकांसाठीं दोन शब्द लिहितों. मूल कुत्र्यास शिकवूं लागलें म्हणजे तें स्वतःही शिकूं लागतें. रोज ठराविक वेळीं उठणें, स्वतःपूर्वीं दुसऱ्याच्या पाण्याची आठवण ठेवणें, राग आला असतां आवाज आवरणें, दहा वेळां चुकलेल्यास अकराव्या वेळीं त्याच उत्साहानें सांगणें, हे गुण पुस्तकांतून येत नाहींत. ज्याच्यावर आपली सत्ता चालते, जो उलट तक्रार करूं शकत नाहीं, त्याच्याशीं मनुष्य कसा वागतो यावरून त्याची पारख होते. नीतिसूत्रांच्या पुस्तकांत धार्मिक मनुष्याच्या लक्षणांत आपल्या जनावराची काळजी घेणें हें एक गणलें आहे. महाभारतांत सोबतच्या कुत्र्यास सोडून स्वर्गांत जावयास युधिष्ठिर तयार झाला नाहीं. आणि भाकर घेऊन पळणाऱ्या कुत्र्यामागें तुपाची वाटी घेऊन धांवणारे नामदेव तर महाराष्ट्रांत घरोघर ठाऊक आहेत. या बाबतींत आपल्या सर्वांच्या घरची शिकवण एकच आहे. आचरण तेवढें उरलें आहे.

तसेंच, पिलूं घरीं आणण्यापूर्वीं सर्व कुटुंबानें बसून विचार करावा. कुत्रा दहा-बारा वर्षें, कधीं अधिकही, जगतो. आज आठवींत असलेला मुलगा मिळवता होईल तेव्हां तो कुत्रा म्हातारा होऊन ओसरींत पडलेला असेल. तेव्हांही त्यास कोण बाहेर नेईल, कोण औषध देईल? याचें उत्तर नसेल तर पिलूं आणूं नये. शेजारच्या कुत्र्यावर प्रेम करावें, दारीं येणाऱ्यास पाणी ठेवावें. आणि आणावयाचेंच तर विलायती जातीचाच हट्ट नको. आपल्या गल्लींतील गांवठी पिलूं आपल्या हवेस सोसणारें असतें, आणि ‘यू यू’ म्हणून प्रेमानें बोलावलें तर तेंही तितक्याच आनंदानें धांवत येतें.

विद्यार्थिमित्रहो, ‘हाड’ हा शब्द कुत्र्यास कोणीही शिकवूं शकतो. त्याला विद्या लागत नाहीं. ‘ये’ म्हटल्याबरोबर एखादा जीव सर्व कांहीं सोडून, कान उभारून, निर्भयपणें आपल्याकडे धांवत यावा, यासाठीं मात्र पुष्कळ दिवसांची माया खर्चावी लागते. ती खर्चून पाहा. शेंपूट वाकडेंच राहील. पण तुम्हांस पाहतांच तें हालूं लागेल.